अर्धगोलावरची रेघ

आमच्या खोऱ्यात कोणाला त्याची गुरं किती, असं विचारत नाहीत. पावसाचं विचारतात, गवताचं विचारतात, बायकोच्या गुडघ्याचं विचारतात. गुरांचा आकडा विचारणं म्हणजे चारचौघांत दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. मी तिसरीत असताना ओहायोहून नवीन बाई आल्या होत्या. ओळख करून घ्यायची म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "घरी कोणाकडे किती गाई आहेत, सांगा बरं?" आम्ही अकरा मुलं होतो. अकराही जण आपापल्या बाकाकडे बघत बसलो. बाईंना वाटलं, बिचाऱ्यांकडे एकही गाय दिसत नाही.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा लेटा आत्याने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला, सांडू नये म्हणून, आणि मग हसली.

"मग तू काय सांगितलंस, नोरीन?"

"काहीच नाही."

"शहाणी आहेस. अगदीच कोणी मागे लागलं तर म्हणायचं, असतील थोडी."

लेटा ब्रेक्के ही माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. मोंटानातल्या आमच्या रँचवरच ती जन्मली आणि सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत तिथून सलग चार दिवसांहून जास्त कुठे गेली नाही. ते चार दिवसही दवाखान्यातले. पंचविशीत असताना एका माजलेल्या गोऱ्ह्याला फास टाकला आणि दोराचा वेढा खोगिराच्या खुंटीवर बसायच्या ऐवजी तिच्या अंगठ्यावर बसला. उजवा अंगठा अर्धा गेला. "अर्धा राहिलाय की," ती म्हणायची. "बटणं लावायला पुरतो."

गाईंना ती नावं ठेवायची आणि ती सगळी गावातल्या माणसांची असायची. वासरू पाजताना विनाकारण ओरडणारी होती तिचं नाव पाद्रीणबाई. फाटक उघडं दिसलं की सगळ्यांच्या आधी बाहेर पडणारी ती मिसेस लुंडक्विस्ट. खऱ्या मिसेस लुंडक्विस्ट आमच्या पोस्टात असायच्या. एकदा किराणा दुकानात आत्या मोठ्याने म्हणाली, "आज पहाटे मिसेस लुंडक्विस्टला जुळं झालं," आणि मिसेस लुंडक्विस्ट मागेच पिठाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. वय वर्षं चौसष्ट.

लग्न का नाही केलंस, असं मी तिला चौदाव्या वर्षी विचारलं होतं.

"एकाने विचारलं होतं. एलॉफ म्हणून होता. चांगला होता, दात सोडून. मी म्हटलं, गाई विऊन होऊ देत, मग बघू. गाई विऊन झाल्या तर वासरं डागायची आली. ती डागून झाली तर गवत कापणीला आलं."

"मग?"

"मग तो म्हणाला, लेटा, हे कधी संपतं का? मी म्हटलं, नाही. खरं तेच सांगितलं बाई. तो गेला पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यात, सफरचंदाच्या बागेत. सफरचंदांना काय, फांदीवर बसून राहतात."

आम्ही नव्या घरात राहायचो, ती ओढ्यापलीकडच्या जुन्या लाकडी घरात. कामाची वाटणी कोणी ठरवली नव्हती, पण पक्की होती. वडील, म्हणजे वेंडेल, यंत्रं बघायचे, बँक बघायचे, मीटिंगांना जायचे, आणि बोलायचे. ते बोलायला लागले की समोरचा माणूस स्वतःचं काम विसरून ऐकत बसायचा. आत्या गुरं बघायची. फेब्रुवारीत उणे पंचवीसमध्ये अडलेल्या कालवडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय सरळ करणं, मेलेल्या वासराचं कातडं पोरक्या वासराच्या पाठीवर बांधून गाईला फसवणं, हे सगळं तिचं. "फसवते कुठे," ती म्हणायची, "समजूत काढते."

माझे आजोबा अ‍ॅन्सन एकोणसाठ साली गेले. जाताना म्हणाले, "जमीन वेंडेलची. गुरं दोघांची." खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. लिहून कोणी ठेवलं नाही.

आता गुरं कोणाची, हे आमच्याकडे त्यांच्या अंगावरच्या छापेवरून ठरतं. आमची छाप आजोबांच्या वडिलांपासूनची: डाव्या पुठ्ठ्यावर पालथ्या वाटीसारखा अर्धगोल आणि त्यावर आडवी रेघ. छाप ज्याच्या नावावर, गुरं त्याची. शरदात वासरं विकायला ट्रक येतात तेव्हा सरकारी तपासनीस येतो, एकेका जनावराची छाप बघतो, कागद भरतो, मगच ट्रक हलतो. आणि त्या छापेची नोंद दर दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. एकसष्ट साली तो अर्ज पोस्टाने आला, तेव्हा गवत कापणी चालू होती. आत्याने जेवता जेवता विचारलं, "तो छापेचा कागद पाठवलास का, वेंडेल?"

"पाठवला."

"बरं."

इतकंच. कोणाचं नाव घातलंस, दोघांचं ना, हे तिने विचारलं नाही. जिथे शेजाऱ्याला त्याची गुरं विचारत नाहीत तिथे सख्ख्या भावाला कागद दाखव म्हणायचं? एकाहत्तर साली पुन्हा अर्ज आला. "पाठवला?" "पाठवला." त्या वेळी मी टेबलाशीच होते, टोस्टला लोणी लावत.

त्याच हिवाळ्यात माझं कर्टिसशी लग्न ठरलं. कर्टिस वरच्या खोऱ्यातल्या घरातला तिसरा मुलगा. थोरल्या दोघांत जमीन संपली होती, त्यामुळे तो आमच्याकडेच येऊन राहणार होता. आत्याशी गोडीत राहावं म्हणून त्याने एका शनिवारी आम्हा दोघींना शहरात सिनेमाला नेलं. रँचवरच्याच एका घराण्याची गोष्ट होती. म्हातारा बाप, दोन मुलं, दोघांचं वैर, आरडाओरडा, शेवटी बंदूक. येताना ट्रकमध्ये कर्टिसने विचारलं, "कसा वाटला, मिस ब्रेक्के?"

"घोडी चांगली होती," आत्या म्हणाली. "पण अख्ख्या सिनेमात एकानेही फाटक लावलं नाही. येतात, जातात, फाटक उघडंच."

"आणि भांडण?"

"इतक्या मोठ्याने कोण भांडतं? गुरं बुजतील."

कर्टिस हसला. मीही हसले.

फेब्रुवारीत एका सकाळी वडिलांनी नाश्त्याच्या टेबलावर माझ्यापुढे एक कागद सरकवला. "इथे सही कर. लग्नाची भेट आहे. कोणाला बोलायचं नाही, सगळ्यांसमोर द्यायचीय." मी वाचलं. छाप माझ्या आणि कर्टिसच्या नावावर करण्याचा तो अर्ज होता. 'देणार' या शब्दापुढे एकच नाव होतं, वेंडेल ब्रेक्के. मला वाटलं, आत्याचं नाव दुसऱ्या एखाद्या कागदावर असेल, तिला विचारलं असेल. खरं सांगायचं तर तसं वाटलंही नाही. तसं वाटलं होतं, असं मी नंतर ठरवलं. मी सही केली आणि बूट घालून गोठ्यात गेले. आत्या तिथे पहाटेपासून होती, दोन कालवडी विण्याच्या बेतात होत्या.

मे महिन्यात वडील तिला म्हणाले, "लेटा, नोरीनच्या लग्नासाठी एक फळी डागून दे ना. आपली छाप. भिंतीवर लावायला होईल." तिने जुन्या गोठ्याच्या दाराची फळी काढली, घासली, दोन रद्दी फळ्यांवर आधी डागून बघितलं आणि मग तिसरी केली. मला बोलावून दाखवली. रेघ सुतासारखी, अर्धगोल कुठे तुटलेला नाही.

"डागणी लाल झाली की लोकांना वाटतं तयार झाली," ती म्हणाली. "लाल झाली की ती जाळते. राखेच्या रंगाची झाली पाहिजे. तुला शिकवायला हवं एकदा."

"शिकव की."

"तुझं लग्न होऊ दे."

लग्न जूनच्या पहिल्या शनिवारी झालं. चर्चमधून सगळे गावच्या सभागृहात आले. हॅम, बटाट्याचं सॅलड, तीन मजली केक. वडील उभे राहिले आणि भाषण सुरू झालं. त्यांचे आजोबा नॉर्वेहून कसे आले, पहिल्या हिवाळ्यात त्यांनी खुर्च्या कशा जाळल्या, हे सगळं. मग त्यांनी टेबलक्लॉथखालून ती फळी काढली. आता तिला फ्रेम होती. टाळ्या पडल्या.

"ही डागलीय आमच्या लेटाने," वडील म्हणाले. "लेटा, ये, दाखव सगळ्यांना."

आत्या पुढे आली. तिच्या निळ्या ड्रेसला मी पहिल्यांदाच इस्त्री बघितली. तिने फळी डोक्यावर उचलून गोल फिरवली. गस नावाचे आमचे म्हातारे शेजारी पुढच्याच टेबलावर होते, ते म्हणाले, "मागे काय चिकटवलंय? वाच की."

"राहू दे, ते नंतर," वडील म्हणाले.

पण आत्याने चष्मा लावला होता. तिचा आवाज कुरणाच्या पलीकडच्या टोकाला जायचा, सभागृह तर केवढंसं. "अर्धगोलावर रेघ, डावा पुठ्ठा, गुरं," तिने वाचलं. "पूर्वीचे मालक, वेंडेल ए. ब्रेक्के." इथे ती थांबली. मग पुढचं आधीइतक्याच आवाजात वाचलं. "आताचे मालक, कर्टिस आणि नोरीन हेग."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली. आत्याने फळी उलटी करून पुन्हा छापेकडे बघितलं, मग कागदाकडे.

"फ्रेम चांगली बसवलीय," ती म्हणाली आणि फळी केकशेजारी ठेवून स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळाने कॉफीची किटली घेऊन एकेका टेबलाशी फिरायला लागली. माझ्याशी आली.

"आत्या—"

"साखर?"

"आत्या, मला वाटलं, तुला—"

"साखर घेतेस की नाही, तेवढं सांग. मागे माणसं थांबलीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कर्टिसचं सामान घेऊन घरी आलो, तर ती आमच्या स्वयंपाकघरात उभी होती. वडील खुर्चीवर होते. आई भांडी विसळत होती, विसळलेलीच पुन्हा.

"माझं नाव कधी काढलंस, वेंडेल?" आत्या विचारत होती. आवाज अगदी घरातला, हळू.

"काढलं नाही."

"मग?"

"घातलंच नव्हतं. एकसष्टला अर्जावर एकच ओळ होती, लेटा."

"एका ओळीत दोन नावं मावतात. लिहून दाखवू?"

"बँकेला एक नाव सोपं पडतं. आणि तुला कमी काय पडलं? घर आहे, ट्रक आहे, तुझ्या कामात मी कधी बोललोय का?"

"मी तुझा गडी होते का रे?"

"असं कोणी म्हणालंय?"

"नाही म्हणालं. गड्याला निदान सांगतात, तू गडी आहेस म्हणून."

वडिलांनी टेबलावरचा मिठाचा डबा उचलला आणि होता तिथेच ठेवला. "तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. शपथेवर सांगतो, सांगितलं असतं. अकरा वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस."

"आपल्यात विचारतात का?"

वडिलांनी डबा पुन्हा उचलला. बोलण्यात कधी न अडकणारा माणूस. मग ती माझ्याकडे वळली.

"सही तुझी आहे, नोरीन. कधी केलीस?"

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. "सगळा फेब्रुवारी आपण दोघी एका थर्मासमधून कॉफी प्यालो."

ती बाहेर जाऊन तिच्या ट्रकमध्ये बसली. मी न विचारता शेजारी जाऊन बसले. तिने उतर म्हटलं नाही. चौदा मैल ती ट्रक हाणत राहिली. ट्रक हॉलिसच्या अंगणात थांबला. हॉलिस म्हणजे आमच्या भागाचा छाप तपासनीस, तीस वर्षं दर शरदात आमच्या घरी जेवून जाणारा. तो जिन्याच्या पायरीला रंग देत होता.

"तुला माहीत होतं?" आत्याने ट्रकमधूनच विचारलं.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मालकाचं नाव कागदावर मीच लिहितो, लेटा. दर वर्षी."

"अकरा वर्षं तू माझ्या हातचं जेवलास. बोलला नाहीस."

"दुसऱ्याच्या गुरांबद्दल मी बोलत नाही. उद्या तुझ्याबद्दल कोणी विचारलं तर तेही सांगणार नाही. तूच म्हणायचीस ना, हॉलिस तोंडाचा पक्का आहे म्हणून."

"म्हणायचे," ती म्हणाली. "आणखी कोणाला माहीत होतं?"

हॉलिसने रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर दोन्हीकडे मिळून नऊ रँच आहेत. तिने गाडी मागे घेतली.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे वासरं डागायची होती. त्या दिवशी सगळं खोरं एकेकाकडे जातं. घोड्यावरचे फास टाकून वासरू ओढत जाळापाशी आणतात, दोघं त्याला आडवं पाडून धरतात, एक जण लस टोचतो, एक जण डागतो. आमच्याकडे डागणी पस्तीस सालापासून आत्याच्या हातात असायची. ती येणार नाही असं वडिलांना वाटलं होतं. पण सकाळी सहाला आम्ही गुरांच्या वाडग्यापाशी पोचलो तेव्हा जाळ पेटलेला होता आणि डागण्या आत खोचलेल्या होत्या.

वीसेक माणसं होती. लग्नानंतरचा आठवडा गेलेला, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत होतं. सगळे हवेबद्दल बोलत होते.

कर्टिसने पहिलं वासरू ओढत आणलं. गसच्या मुलांनी ते पाडलं. माझ्या हातात लशीची पिचकारी होती. आत्याने डागणी बाहेर काढली, रंग बघितला आणि विचारलं, "कोणाचं?"

हे विचारायची पद्धतच आहे, शेजाऱ्यांची वासरं कधी कधी मिसळलेली असतात. कर्टिस घोड्यावरून म्हणाला, "आपलं."

"आपलं म्हणजे?"

कर्टिसने दोर सैल केला. आत्या वडिलांकडे वळली. ते कुंपणाला टेकून उभे होते.

"वेंडेल, आपली गुरं किती?"

कुंपणावर बसलेल्या एकाने पाय खाली घेतले. वडिलांचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"लेटा, जाऊ दे," म्हातारे गस म्हणाले. "पोरांनी वासरू धरून ठेवलंय."

"तुझी किती, गस?"

गस टोपीच्या आत बघायला लागले.

"हॉलिस, तुझ्याकडे तर सगळ्यांचे आकडे आहेत. तू सांग." हॉलिस पाण्याच्या पिंपाशी उभा होता. त्याने पाणी प्यायला सुरुवात केली. "मी आजवर कोणाला विचारलं नाही," आत्या म्हणाली. "मला वाटायचं, आपण एकमेकांची अब्रू राखतोय. तुम्ही वेंडेलची राखत होतात."

मला बोलता आलं असतं. 'अर्धी तुझी, आत्या.' तीन शब्द होते. छाप आता माझ्या आणि कर्टिसच्या नावावर होती, त्यामुळे ते शब्द तिथे माझे चालले असते, वडिलांचे नाही. कर्टिस घोड्यावरून माझ्याकडे बघत होता. मी पिचकारीतली हवा काढत राहिले. हवा केव्हाच निघाली होती.

आत्याने डागणी माझ्यापुढे धरली. "घे. मालकिणीने डागायचं."

"मला येत नाही."

"येईल. राखेच्या रंगाची आहे. टेकव, हलवू नकोस, तीन मोज आणि उचल." तिने वासराच्या मानेवर स्वतःचा गुडघा ठेवला. "टेकव."

केस जळाल्याचा धूर डोळ्यांत गेला आणि माझा हात सरकला. उचललं तेव्हा रेघेची एक बाजू फुगून अर्धगोलाला चिकटलेली होती. आत्याने वाकून बघितलं.

"ओळखू येईल," ती म्हणाली. "तुम्हाला."

संध्याकाळपर्यंत ती वासरं धरत होती, त्या वयात, गसच्या मुलांच्या बरोबरीने. डागणीला तिने पुन्हा हात लावला नाही. काम संपल्यावर मोठं जेवण असतं, त्याला थांबणं हा त्या दिवसाचा रिवाज. तिने पिंपावर हात धुतले, ते पँटला पुसले आणि ताटांच्या बाजूने चालत ओढ्यापलीकडे निघून गेली. आईने तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते कुत्र्यांना घातलं.

जुलैत ती गेली. साठ मैल खाली, नदीकाठच्या टॉलिव्हर नावाच्या कुटुंबाच्या रँचवर, विणाऱ्या गाई बघायच्या कामावर. बरोबर खोगीर, एक पत्र्याची पेटी आणि तिच्या नावावरचे दोन घोडे. सामान चढवताना वडील येऊन उभे राहिले.

"मी राहा म्हणतोय, लेटा."

"ऐकलं."

"लोक काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार," ती म्हणाली. "त्यांचा अनुभव घेतलाय आपण."

मी कर्टिसशी तीन महिने भांडले. मोठ्याने नाही. तो वाईट माणूस नाही, फक्त जमीन नसलेल्या घरातला तिसरा मुलगा आहे. "मी मागितलं नव्हतं, नोरीन. तुझ्या वडिलांनी दिलं," तो म्हणायचा. मी म्हणायचे, त्यांचं नव्हतंच ते. ऑक्टोबरात तो म्हणाला, "बरं. अर्ध्या गाई दे तिला. कागद करून दे. पण छाप वाटता येत नाही, छाप इथेच राहील." आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि तो कागद घेऊन मी साठ मैल गेले.

आत्या टॉलिव्हरांच्या गोठ्यामागे एका खोलीत राहत होती. पलंग, स्टोव्ह, खिडकी. तिने खुर्ची मला दिली आणि स्वतः पेटीवर बसली. कागद तिने पूर्ण वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"कुठल्या अर्ध्या?"

"तू निवड. सगळ्या तूच निवड."

"आणि छाप?"

"ती आमच्याकडे राहील. तू नवीन घे, तुझ्या एकटीच्या नावावर. मग तुझ्या गाईंना ती—"

"म्हणजे पुन्हा डागायच्या."

"नाहीतर वेगळ्या कशा ओळखणार?"

ती खिडकीतून बाहेर बघत बसली. बाहेर टॉलिव्हरांच्या गाई होत्या, उजव्या खांद्यावर काहीतरी अक्षर असलेल्या.

"पाद्रीणबाई तेरा वर्षांची आहे," ती म्हणाली. "ती वासरू होती तेव्हा मीच डागलंय तिला. त्यांना काय कळतं म्हणा, पण डागताना मी प्रत्येकीला सांगायचे, एकदाच हं, पुन्हा नाही. आता या वयात तिला आडवी पाडायची, कशासाठी, तर वेंडेलने माझं नाव घातलं नाही म्हणून?"

"मग काय करू, आत्या? तू सांग, मी करते."

तिने कागदाची होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"छापेवर माझं नाव घाल. तुमच्या दोघांबरोबर तिसरं. गाई आहेत तिथेच राहू देत. कोणाला काही डागायला नको."

ते इतकं सोपं होतं.

"कर्टिसला विचारायला हवं," मी म्हणाले.

"विचार," ती म्हणाली.

तिने कॉफी केली. आम्ही हवेबद्दल बोललो, टॉलिव्हरांच्या कुत्र्याबद्दल बोललो. निघताना तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं, त्या अर्ध्या अंगठ्याने, सावकाश.

साठ मैल मी मनात वाक्यं जुळवत आले. कर्टिसला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. तीन महिन्यांच्या कटकटीनंतर तो एवढा तयार झाला होता, आता पुन्हा पहिल्यापासून. घरी पोचले तेव्हा तो दारात बुटांचा चिखल काढत होता.

"काय म्हणाली?"

"नको म्हणाली," मी म्हणाले.

"सगळंच?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला आणि दुसरा बूट काढायला वाकला. "आपण विचारलं होतं."

गुरुवारी ट्रक आले. हॉलिसने वासरं बघितली, कागद भरला आणि माझ्यापुढे धरला. मी सही केली.